भिंतीवरच्या तीन मोकळ्या तारा

सकाळी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे कुणी खाकरलं, की माझा हात अजूनही आपोआप चष्म्याकडे जातो. शांताराम मिस्त्री कधी हाक मारायचे नाहीत. एकट्या बाईच्या घरी मोठ्याने हाक मारणं त्यांना बरं वाटत नसे, आणि न सांगता अंगणात येणंही बरं वाटत नसे. म्हणून ते गडग्याशी उभे राहून खाकरायचे. मी ओटीवर आले की काळ्या बोटांनी एक कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, "बाई, वायच वाचा." तो कागद बहुधा एखाद्या पंपाच्या खोक्यातून निघालेला असायचा, सगळा इंग्रजीत. मी मराठी करून वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि शेवटी हमखास म्हणायचे की आपण करतो तेच लिहिलंय. मग मला कशाला दमवता, असं मी एकदा चिडून विचारलं. तर म्हणाले, लिहिणाऱ्याने एवढी मेहनत घेतली आहे, कुणीतरी ऐकायला नको का?

मी इंग्रजीची शिक्षिका. माहेर सावर्ड्याचं आणि सगळी नोकरी राजापूर तालुक्यातल्या या खाडीकाठच्या बंदरावर. निवृत्त झाले तेव्हा चिपळूणचा भाऊ न्यायला आला होता. दोन दिवस राहिला आणि माझा हट्ट बघून परत गेला. माझ्या गडग्यापलीकडे मिस्त्रींचं घर, आणि उतार संपतो तिथे धक्क्याला लागून त्यांचं वर्कशॉप. मच्छीमार होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यांचं नेमकं वय मला ठाऊक नाही, त्यांनाही नव्हतं. शिक्षण किती म्हणून विचारलं तर आधी हसायचे, मग विषय बदलायचे.

अंगाने बुटके, खाकी अर्धी चड्डी, आणि कानामागे पेन्सिल असावी तसा खिशात कायम एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं काय झिजलं आहे ते त्यांना असं ऐकू यायचं. माझा मिक्सर आवाज करायला लागला तेव्हा ते त्यालाही असेच कान लावून बसले आणि बुश गेला म्हणाले. तो खरोखरच गेला होता. मग माझी हौस वाढली आणि मी त्यांना फ्रिज ऐकायला सांगितला. त्यांनी तोही ऐकला आणि हा बिचारा बरा आहे, तुम्ही दार नीट लावत नाही, असा निकाल दिला.

त्यांचे नियम दोन. एक, उघडलेलं इंजिन चालू झाल्याशिवाय मिस्त्रीने घरी जायचं नाही. जेवण धक्क्यावर, झोपही धक्क्यावर. होडी बंद पडून बसली की ती चालवणारा तांडेल आणि खलाशी तोंड पाडून धक्क्यावर बसलेले असतात, त्यांच्या समोरून मिस्त्री घरी जेवायला निघाला तर त्यांनी काय समजायचं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा, की दुरुस्त केलेल्या होडीच्या पहिल्या फेरीला मिस्त्रीने स्वतः होडीत बसायचं. आपण हात लावलेलं इंजिन खोल पाण्यात बंद पडलं, तर आपणही तिथेच असलं पाहिजे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्री आसपासच्या बंदरांवर हे दोन्ही नियम अजून पाळतात, कुरकुर करत का होईना.

एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक इंजिन उघडलं आणि ते काही केल्या चालू होईना. दुसऱ्या दिवशी गणपती शेजाऱ्यांनी घरी आणला, पूजा पुतण्याने केली. मिस्त्रींनी धक्क्यावरून घराच्या दिशेने हात जोडले आणि परत इंजिनात डोकं घातलं. मी डबा घेऊन गेले होते. रागावलेही होते. तर म्हणाले, गणपती पाच दिवस आहे, होडीला आजच जायचं आहे.

वर्कशॉपाची एक भिंत मोडक्या तुकड्यांची होती. खिळ्याला तार आणि तारेला एकेक तुकडा: चिरलेला पिस्टन, झिजलेला बुश, आटे गेलेला नट. खाली पांढऱ्या ऑइलपेंटने होडीचं नाव आणि काय चुकलं ते. मला आधी वाटलं, ही सगळी लोकांच्या हलगर्जीपणाची उदाहरणं असतील. ती सगळी मिस्त्रींची स्वतःची होती. त्यांनी दुरुस्त केल्यावर पुन्हा बिघडलेलं तेवढंच त्या भिंतीवर लागायचं, दुसऱ्याची चूक कधीच नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरल्यावर पहिली तीच भिंत दिसायची. लोक चुका झाकतात आणि तुम्ही रंगवता, असं मी म्हटलं. रोज दिसली की परत होत नाही, एवढंच त्यांचं उत्तर.

दर्शना ही त्यांची एकुलती मुलगी. ती नववीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून धक्क्यावर डबा नेणं तिच्याकडे आणि तिचं इंग्रजी माझ्याकडे. डबा द्यायला गेलेली पोर दोन दोन तास परत यायची नाही, आणि आली की निबंधाच्या वहीवर ग्रीसचे ठसे. खाडीत शिरणारी होडी न बघता ती आवाजावरून नाव सांगायची. रत्नागिरीला इंजिनिअरिंग केलं, पुढचं शिक्षण दूरच्या शहरात, आणि मग दक्षिणेतल्या एका खासगी कंपनीत नोकरी. छोटे उपग्रह वर नेऊन पृथ्वीभोवती फिरत ठेवणारं छोटं रॉकेट ती कंपनी बनवत होती, आणि दर्शना इंधनाच्या नळ्यांच्या कामावर होती. हे मी मिस्त्रींना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, की पहिल्या फेरीला आत मिस्त्री कोण बसतो. कुणीच बसत नाही म्हटल्यावर त्यांना ते फारसं आवडलं नाही.

पहिलं उड्डाण एका सकाळी होतं. मी लॅपटॉप वर्कशॉपात नेला. दहाबारा खलाशी, इब्राहिमभाई तांडेल, मिस्त्री आणि मी. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून ते रॉकेट उठलं, सगळ्यांच्या माना वर गेल्या, जणू ते आमच्याच कौलांवरून जाणार होतं. पाऊण मिनिट गेलं असेल. मग आगीची रेघ तिरकी झाली, वाकडी झाली, आणि पडद्यावर नुसतं आभाळ राहिलं. इब्राहिमभाईंनी उठून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आपल्या होडीकडे गेले.

कारण कळायला काही आठवडे गेले. कंपनीचं निवेदन दर्शनाने पाठवलं, मिस्त्री खाकरले, मी वाचलं. रॉकेट समुद्रकाठी परवानगीची वाट बघत बरेच दिवस उभं होतं. तेवढ्यात इंधनाच्या नळीवरचा एक नट खाऱ्या हवेने आतून पोखरला होता. तो उड्डाणात तडकला, इंधन गळलं, आग लागली. मिस्त्रींनी ते वाक्य माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. खाऱ्या वाऱ्यात जन्मलेली पोरगी, आणि तिच्या हाताखालून असा नट गेला, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. माझ्या ओटीवरूनच त्यांनी फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, म्हणून मी ऐकलं, नाहीतर मी ऐकणार नव्हते. तिकडून ती काहीतरी सांगायला लागली. गणपतीला येते तेव्हा सगळं बोलू, असं म्हणाली.

मिस्त्री म्हणाले, "इंजान चालू झाल्याबिगर मिस्त्रीन घर बगायचा नाय. तुला ठावं हाय."

मग ती म्हणाली, "व्हय बाबा. चालू झाला की येतंय."

ते रागाच्या भरात बोललं गेलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. हाताखालच्या प्रत्येकाला ते वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकवत आले होते, सवयीने तोंडातून निघालं. पण होडीचं इंजिन दोन दिवसांत चालू होतं आणि रॉकेटचं व्हायला वर्षं लागतात, याचा हिशेब त्या क्षणी दोघांनीही केला नाही. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर चुकांच्या भिंतीवर एक नवा खिळा होता. त्याला तार, आणि तारेला काहीच नाही. खाली लिहिलं होतं: रॉकेट पहिला, नट खाऱ्या वाऱ्यान खाल्लान. तुकडा समुद्रात गेला तर लावू काय, असं ते म्हणाले. ही भिंत तुमच्या चुकांची आहे ना, मी विचारलं. तर म्हणाले, पोरीला खारा वारा शिकवायचं काम माझं नव्हतं का?

त्या गणपतीला दर्शना आली नाही. ज्या दिवसांत सगळं कोकण घरी येतं, त्या दिवसांत मिस्त्री रोज दुपारी एसटी स्टँडवर जायचे. राजापूरहून एका पंपाचं पार्सल यायचं आहे, असं सांगायचे. गाडी यायची, माणसं उतरायची, गळाभेटी व्हायच्या, पोरांच्या पिपाण्या वाजायच्या. मिस्त्री कंडक्टरशी दोन शब्द बोलून रिकाम्या हातांनी परत यायचे. कुठल्या पंपाचं पार्सल पाच दिवस येत नाही, हे बाजारपेठेतल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी विचारलं नाही.

फोन मात्र आठवड्याला व्हायचा, दर रविवारी. जेवलीस? जेवले. तुम्ही? जेवलो. एवढं झालं की इंजिन. येण्याचा विषय ती काढायची नाही आणि हे विचारायचे नाहीत. फोन ठेवला की ते थोडा वेळ तो हातात धरून बसायचे.

दुसरं उड्डाण वर्षभराने. ते खूप वर गेलं. खालचं इंजिन सुटलं, वरचं पेटलं, धक्क्यावर टाळ्या पडल्या. मग ते गोल फिरायला लागलं आणि फिरतच गेलं. टाकीतलं इंधन हिंदकळत होतं आणि त्याच्या धक्क्याने रॉकेट भरकटलं, असं पुढे निवेदनात आलं. हे वाचल्यावर मिस्त्रींनी मला अर्धी बादली पाणी घेऊन अंगणात झपझप चालायला लावलं. माझं लुगडं भिजलं. होडीच्या टाकीत आडव्या फळ्या का ठोकतात ते मला त्या दिवशी कळलं. मग दुसरा खिळा, दुसरी मोकळी तार. आणि पुन्हा गणपती, पुन्हा एसटी स्टँड, पुन्हा ते न येणारं पार्सल.

त्या वर्षी माझ्याच्याने राहवलं नाही. स्टँडवरून परत येताना मी त्यांना गडग्याशी अडवलं. म्हटलं, एक शब्द बोला फोनवर, ये म्हणा, ती रात्रीची गाडी धरून येईल. तुमचा नियम होड्यांसाठी आहे, लेकीसाठी नाही. ते बराच वेळ चिऱ्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आता ये म्हटला तर तिला वाटंल, बापसान आशा सोडलान. इंजान चालायचा नाय म्हून घरी बोलावतो. कसा म्हनू?"

चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारी बाई मी, पण त्या गडग्याशी मीच गप्प झाले. तिला घरी आणायचं तर ती हरली असं तिला सांगावं लागणार होतं, आणि न सांगावं तर तिचं घरच तिला बंद राहणार होतं. आणि ते कुलूप यांच्याच तोंडून पडलं होतं.

तिसऱ्या उड्डाणाला धक्क्यावर गर्दी कमी होती. मिस्त्री इब्राहिमभाईंच्या होडीचं इंजिन उघडून बसले होते. शर्ट बदललेला नव्हता. या वेळी नट टिकला, इंधन हिंदकळलं नाही. खालचं इंजिन बंद झालं आणि रॉकेटचे दोन भाग सुटले. आता जमलं, असं मी मोठ्याने म्हणाले, आणि तेवढ्यात पडद्यावरचं सगळं उलटंपालटं झालं. बंद झालेल्या इंजिनात थोडा जोर उरला होता. खालचा भाग मागे राहायचा तो पुढे सरकला आणि वरच्याला मागून आपटला. हे मिस्त्रींना निवेदनाची वाट न बघताच कळलं. इंजिन बंद केल्यावरही होडी पुढे सरकते आणि घाई करणाऱ्याची धक्क्याला आपटते, एवढंच ते म्हणाले. तेवढं थांबायला हवं होतं. अगदी थोडंसं.

मग त्यांनी फडक्याला हात पुसले. इंजिनाचं हेड काढून ठेवलेलं, पिस्टन उघडे, बोल्ट परातीत. मिस्त्री उठले आणि घराकडे चालायला लागले.

अख्खा धक्का उभा राहिला. मला वाटलं त्यांच्या छातीत दुखतंय. मी मागोमाग धावले. ते पाच-सहा पावलांवर थांबले आणि म्हणाले की आधी उघड्या इंजिनाचा फोटो काढा, नीट, सगळं सुटं दिसलं पाहिजे. मी परत जाऊन काढला. मग त्यांच्या घरी. त्यांनी हात धुतले, सकाळचा भात आणि सुकटीचं कालवण वाढून घेतलं, भिंतीला टेकून मांडी घातली आणि घास उचलला. आता काढा म्हणाले. मी काढला. फोटो किंचित हललेला आहे. तो माझ्याकडे अजून आहे.

"आता लिवा," ते म्हणाले. "इंजान उघडा हाय. मी घरी येवन जेवलो. तू पन ये."

मी दोन्ही फोटो आणि ती तीन वाक्यं पाठवली. शुद्धलेखन सुधारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी दर्शना आली. मधले दोन दिवस मिस्त्रींनी त्या इंजिनाला बोट लावलं नाही. इब्राहिमभाईंनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला, मोसमातले दिवस वाया चालले म्हणाले. का ते मी त्यांना समजावून सांगितलं. ते संध्याकाळी मिस्त्रींच्या दारात दोन पापलेटं ठेवून गेले. इंजिन आणखी आठवडाभर उघडं राहिलं तरी चालेल, असा निरोपही दिला.

ती घरी गेलीच नाही. एसटीतून उतरून खांद्यावरच्या बॅगेसकट सरळ धक्क्यावर आली. हडकली होती, केस कापले होते. होडीत उतरून तिने उघड्या इंजिनात पाहिलं. मिस्त्रींनी तिच्याकडे न बघता पाना पुढे केला. तिने तो घेतला. दोघं कामाला लागली. मधे कधीतरी ती रडत होती, पण हात चालूच होते. मिस्त्रींनी फडकं तिच्यापुढे टाकलं. त्यावर ग्रीस होतं. तिने तोंड पुसलं आणि सगळा चेहरा काळा झाला, तेव्हा तिघंही हसलो, म्हणजे ती दोघं होडीत आणि मी वर धक्क्यावर.

आठ दिवस राहिली ती. वर्कशॉपाच्या भिंतीपुढे बापलेक तासन्‌तास बोलत बसायची. तिसरी मोकळी तार तिनेच बांधली. जाताना तिला पोचवायला मिस्त्री स्टँडवर आले, या वेळी पार्सलाचं नाव न काढता.

त्यानंतर चार महिन्यांनी मिस्त्री गेले. वर्कशॉपात, स्टुलावर बसल्या बसल्या, सकाळच्या वेळी. त्या दिवशी तिथे एकही इंजिन उघडं नव्हतं. लोक काय काय म्हणाले, पण मला त्याच एका गोष्टीने धीर दिला. कुणाचं काम अर्धं टाकून ते गेले नाहीत.

चौथं रॉकेट पुढच्या हिवाळ्यात उडालं. मी लॅपटॉप घेऊन वर्कशॉपात गेले. त्या स्टुलावर बसवेना, म्हणून बाजूच्या खोक्यावर बसले. इब्राहिमभाई येऊन उभे राहिले. खालचं इंजिन बंद झालं, आणि मग ते थांबलं. अगदी थोडंसं. वरचा भाग अलगद सुटला, पेटला आणि जात राहिला, जात राहिला. छोटासा उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. पडद्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मी दर्शनाला शोधत होते. ती मागच्या रांगेत होती, खुर्चीत, कानाला हेडफोन लावून आणि डोळे मिटून.

तासाभराने फोन आला. "बाई, चालू झाला," ती म्हणाली. पाहिलं, मी म्हणाले. मग ती म्हणाली, "आता घरी येतंय."

ती आली तेव्हा मी तिला विचारलं, चौथा खिळा मारायचा का? चांगलं काही त्या भिंतीवर एकदा तरी लागावं, असं माझ्या मनात होतं. तिने नाही म्हणून मान हलवली. चाललेल्याचं भिंतीवर काही लावायचं नसतं, बाबा म्हणायचे. तीन मोकळ्या तारा आहेत तशाच आहेत. वारा आला की हलतात.

मिस्त्री मला आठवतात ते मात्र इब्राहिमभाईंच्या होडीतले. त्यानंतरही चार महिने ते रोज दिसत होते, खाकरत होते, कागद आणत होते. पण शेवटचे म्हणून मी तेच धरून ठेवले आहेत. इंजिन चालू झालं होतं, होडी पहिल्या फेरीला निघाली होती, आणि नियमाप्रमाणे दोन्ही मिस्त्री होडीत होते. दर्शना स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिनावर वाकलेली. मिस्त्री होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी उभे. मी धक्क्यावर. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मी हलत नव्हते, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी तोंडाशी हात नेऊन मला जेवून घ्या अशी खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ते इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, "जावा बाई, जेवा. वाट बगनाऱ्याला नियम नाय."

होडी खाडीच्या तोंडाशी वळली. माणसं दिसेनाशी झाल्यावरही आवाज येत होता, सरळ, एकसारखा. तो पुसट होऊन थांबेपर्यंत मी उभी होते.

आता मी वेळेवर जेवते. पान वाढून घेतलं की आधी खाडीकडचं दार उघडून ठेवते, तिकडचा आवाज आत यावा म्हणून. आणि मगच पहिला घास घेते.